एक हप्ता, सहा खाती

गृहकर्जाबद्दल सभागृहात प्रश्न विचारला गेला की उत्तर कोणत्या वळणाने जाणार, हे कामकाजाची छापील पाने चाळणाऱ्याला आधीच ओळखता येते. खासदाराने व्याजदराबद्दल विचारले तर अर्थ मंत्रालय सांगते की कर्जांचे व्याजदर नियंत्रणमुक्त आहेत आणि बँका आपापल्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार ते ठरवतात. घरांच्या किमतींबद्दल विचारले तर केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालय सांगते की जमीन आणि वसाहती हे राज्यांचे विषय आहेत. तोच विषय आमदाराने विधानभवनात काढला तर बँकिंग केंद्राच्या सूचीत असल्याची आठवण करून दिली जाते. यातले कोणतेच उत्तर खोटे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत बँकिंग केंद्राकडे आणि जमीन राज्याकडे आहे. खरेदीखतावरच्या मुद्रांक शुल्काचा दरही राज्यच ठरवते. पण कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाच्या खात्यातून दर महिन्याला जी रक्कम वळती होते ती एकच असते. तिच्यात केंद्राची अर्थ आणि गृहनिर्माण ही दोन आणि राज्याची महसूल, नगरविकास, गृहनिर्माण व सहकार ही चार, अशा सहा खात्यांच्या निर्णयांचा वाटा असतो. प्रश्नोत्तरांच्या तासाचा नियम मात्र एक प्रश्न एका मंत्र्याला असा. त्यातही लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न वीसच. अतारांकित 230 पर्यंत असतात, पण त्यांची उत्तरे लेखी येतात आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येत नाही. त्यामुळे ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ हे वाक्य एकदा छापून आले की विषय तिथेच मिटतो.

लोकप्रतिनिधी या विषयावर विचारत नाहीत, असे कुणी म्हणू नये. भरपूर विचारतात. अडचण ही की बहुतेक प्रश्न व्याजदरापासून सुरू होतात आणि व्याजदरापाशीच संपतात. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर उतरला, बँकांनी तो ग्राहकापर्यंत पोहोचवला का? महिलांना सवलत आहे का? अनुदानाचे लाभार्थी किती? हे प्रश्न गैर नाहीत, पण कर्ज किती स्वस्त आहे एवढेच ते तपासतात. कर्ज एवढे मोठे का काढावे लागते आणि व्यवहार बिघडला तर नुकसान कुणाच्या माथी बसते, हे त्यांतून कळत नाही. कुटुंबाच्या दृष्टीने खरे ओझे याच दोन गोष्टींचे असते आणि त्या दोन्हींवर सरकारच्या निर्णयांचा ठसा व्याजदराहून अधिक आहे.

आकडेमोड करून पाहावी. 50 लाखांचे 20 वर्षांचे कर्ज 9.2 टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे 45,630 रुपये येतो. व्याजदर पूर्ण एका टक्क्याने उतरून 8.2 झाला तर तो सुमारे 42,450 होतो. आता व्याजदर तसाच ठेवू आणि घराची किंमत, तिच्यासोबत कर्जही, 10 टक्क्यांनी कमी धरू. 45 लाखांच्या कर्जाचा हप्ता येतो सुमारे 41,070. म्हणजे किमतीतली दहा टक्क्यांची घट व्याजदरातल्या पूर्ण एका टक्क्याच्या कपातीपेक्षा जास्त दिलासा देते. शिवाय व्याजदर पुढच्या वर्षी पुन्हा चढू शकतो, आणि एकदा कमी किमतीला घेतलेल्या घराचे मुद्दल पुन्हा वाढत नाही. एवढे असूनही व्याजदरात पाव टक्का घट झाली की वर्तमानपत्रात चौकट येते, सभागृहात आभार मानले जातात. विकास हक्कांचा प्रीमियम किंवा वार्षिक बाजारमूल्य तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, बदलला तर ती फक्त बांधकाम व्यावसायिकांची बातमी ठरते.

व्याजदराचा प्रश्न मोडीत काढावा असा याचा अर्थ नाही, कारण त्याच्या पोटात धोक्याचा प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडचे गृहकर्ज बहुतांशी तरत्या व्याजदराचे असते. अमेरिकेत तीस वर्षे एकाच दराने कर्ज फेडणारा माणूस सर्रास दिसतो. तिथे दर बदलण्याचा धोका कर्ज देणाऱ्याने आणि रोखे बाजाराने उचललेला असतो. इथे तो कर्जदाराने उचललेला आहे, आणि सही करताना तो त्याला क्वचितच समजावून सांगितला जातो. आधी बँकांचा प्रधान कर्जदर (बीपीएलआर), मग 2010 मधला बेस रेट, 2016 मधला निधीच्या खर्चावर आधारलेला एमसीएलआर अशा एकामागून एक पद्धती आल्या. बँका हे दर मनमानी रीतीने काढतात, असा निष्कर्ष रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटाने 2017 मध्ये काढला. त्यानंतर 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांच्या नव्या तरत्या दराच्या गृहकर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाशी जोडणे सक्तीचे झाले. पारदर्शकता आली हे खरे. धोका मात्र आणखी थेट कर्जदाराच्या अंगावर आला. मे 2020 ते मे 2022 अशी दोन वर्षे रेपो दर 4 टक्के होता. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के.

या अडीच टक्क्यांनी काय केले, हे एका उदाहरणातून स्पष्ट होते. 2021 मध्ये 50 लाखांचे कर्ज 6.7 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, हप्ता सुमारे 37,870. दीड वर्ष नियमित भरल्यावर मुद्दल सुमारे 48 लाख 12 हजार उरते. दर 9.2 झाल्यावर त्या मुद्दलावरचे एका महिन्याचे व्याजच 36,900 च्या घरात जाते. बँकेने हप्ता न वाढवता फक्त मुदत वाढवायची ठरवली, तर कर्ज फिटायला आणखी जवळजवळ 40 वर्षे लागतील. पस्तिशीत कर्ज घेतलेला माणूस पंच्याहत्तरी ओलांडून कर्जमुक्त होणार. मुदत तीच ठेवायची तर हप्ता 45,200 च्या आसपास जातो. बँका आजवर बहुतेकदा मुदत वाढवण्याचा मार्ग घेत आल्या, कारण त्यात तक्रार होत नाही. हप्ता तोच दिसतो आणि वाढलेली वर्षे दिसत नाहीत. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा स्थिर दराकडे जाणे यांतून निवड करू द्यावी आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब दर तिमाहीला द्यावा. आदेश चांगला आहे. पण तो निघाल्यापासून किती कर्जांची मुदत किती वर्षांनी वाढली, कर्जदारांपैकी किती जण साठीनंतरही हप्ते भरणार आहेत, ही माहिती कुणी खासदाराने जिल्हावार मागितली पाहिजे. ‘दर कपात पोहोचली का’ यापेक्षा हा प्रश्न बँकांना जास्त अवघड जाईल.

आता किमतीकडे. परवडणारे घर म्हणजे कोणते, यावर सरकारचेच एकमत नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमात 45 लाखांपर्यंतचे आणि महानगरात 60 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे घर परवडणारे. त्यावर 1 टक्का कर, बाकीच्या बांधकामाधीन घरांवर 5 टक्के. ही 45 लाखांची मर्यादा 2019 मध्ये ठरली. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम कर्जाच्या 2025 च्या नियमांत 50 लाखांहून मोठ्या लोकसंख्येच्या शहरांत 50 लाखांपर्यंतचे कर्ज आणि 63 लाखांपर्यंतचे घर बसते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 च्या व्याज अनुदानासाठी घराची किंमत 35 लाखांच्या आत लागते आणि कर्ज 25 लाखांच्या आत. मुंबई शहरात आणि उपनगरात खासगी प्रकल्पात 35 लाखांचे कुटुंबाला राहण्याजोगे घर शोधणे म्हणजे काय, हे या योजनेची फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक असेल. तीन कार्यालये, तीन व्याख्या. लाभार्थ्यांची संख्या विचारणाऱ्या सदस्याने आधी कोणत्या व्याख्येनुसार संख्या हवी हे विचारावे लागते, नाहीतर मिळालेला आकडा कशाशीच ताडून पाहता येत नाही.

याच योजनेत अनुदान जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक कर आणि मेट्रो अधिभार धरून 7 टक्के आहे, मुंबईत 6 टक्के. मुद्रांक शुल्काच्या खास सवलतीत न बसणारे 35 लाखांचे घर पुण्यात घेतले तर राज्य सरकार नोंदणीच्या दिवशी 2 लाख 45 हजार रुपये एकरकमी घेते, आणि नोंदणी फीचे 30 हजार वेगळे. म्हणजे केंद्र पाच वर्षांत जेवढे देते त्यापेक्षा जास्त राज्य एका दिवसात घेते. दोन्ही सरकारे आपापल्या सभागृहात आपला आकडा सांगतात, एक ‘दिलेला लाभ’ म्हणून आणि दुसरे ‘महसुलातील वाढ’ म्हणून. ते शेजारी शेजारी मांडण्याची वेळ कोणत्याच सभागृहात येत नाही.

मुद्रांक शुल्काचा आणखी एक पैलू चर्चेत जवळजवळ येतच नाही. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावे, यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला 90 टक्के, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के, त्याहून मोठ्या कर्जाला 75 टक्के. हा हिशेब करताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरता येत नाही. 10 लाखांच्या आतल्या घरांना तेवढी सूट आहे, पण महाराष्ट्रातल्या शहरांत ती कुणाच्या कामाची? मुंबईत 75 लाखांचे घर घेणाऱ्याला 60 लाख बँक देईल. उरलेले 15 लाख, मुद्रांक शुल्काचे साडेचार लाख आणि नोंदणीचे 30 हजार मिळून जवळपास 20 लाख रुपये त्याने आधी उभे करायचे. ते येतात भविष्य निर्वाह निधीतून, बायकोच्या दागिन्यांवर, गावच्या जमिनीच्या वाटणीतून, नाहीतर वैयक्तिक कर्जातून. दागिन्यांवर किंवा वैयक्तिक कर्जातून आलेला पैसा आकडेवारीत गृहकर्ज म्हणून दिसत नाही. तो उपभोगासाठीच्या किंवा सोनेतारण कर्जात मिसळतो. बँक जोखीम म्हणून जी मर्यादा पाळते, तिच्यामुळे उरलेली जोखीम जास्त व्याजाच्या कर्जात जाऊन बसते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. किमती बाजार ठरवतो, आमदार-खासदारांनी त्यात काय करायचे? हा आक्षेप मुंबई-पुण्यापुरता तरी टिकत नाही. एखाद्या भूखंडावर किती मजले चढवायचे, ते चढवण्यासाठी पालिकेला किती प्रीमियम भरायचा, शेतजमीन बिगरशेती करायला किती काळ लागायचा, रस्ता आणि पाणी कुठे न्यायचे, हे सारे सरकारी निर्णय आहेत आणि ते किमतीत उतरतात. राज्य सरकारला हे माहीत आहे. नाहीतर सप्टेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत 2 टक्क्यांवर आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 3 टक्क्यांवर आणले नसते, आणि त्या डिसेंबरात मुंबईत 19 हजारांहून अधिक नोंदण्या झाल्या नसत्या. जानेवारी 2021 मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून बांधकाम प्रीमियमही वर्षभरासाठी निम्मा केला गेला, या अटीवर की लाभ घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे. किती विकासकांनी ते भरले आणि किती ठिकाणी तेवढीच रक्कम दरात चढली, हा अगदी विधानसभेचा प्रश्न आहे. सवलत दिल्याची घोषणा सभागृहात झाली. ती अखेर कुणाच्या खिशात गेली याचा हिशेबही तिथेच मागता येतो. गोव्यात हे उलट दिसते. तिथल्या विधानसभेत गृहकर्जाच्या हप्त्यापेक्षा जमीन रूपांतरावर, नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम 17(2) आणि 39अ वर, जास्त गदारोळ होतो, कारण बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या घराच्या मागणीने स्थानिकांना जागा परवडेनाशी झाली हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. वादाची भाषा कडवट असते, पण प्रश्न बरोबर जागी सुरू होतो.

धोक्याचा सर्वांत मोठा तुकडा व्याजदरात नसतोच. तो अजून न बांधलेल्या घरात असतो. आपल्याकडे कर्जाची परतफेड घर उभे राहण्याआधी सुरू होते. एकीकडे भाडे, दुसरीकडे कर्जाचे व्याज, आणि ताब्याची तारीख पुढे पुढे. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशा योजनांत बँक पैसे थेट विकासकाला एकरकमी द्यायची आणि तोवरचे व्याज विकासक भरायचा. त्याने भरणे थांबवले की वसुलीची नोटीस ग्राहकाच्या दारात. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की कर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी जोडावे. जुलै 2019 मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. तरीही 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिल्ली परिसरातल्या विकासक आणि बँकांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे सोपवावी लागली. ज्या कर्जदारांनी घराची वीटही पाहिली नाही त्यांचे नाव पतमापन संस्थेच्या यादीत थकबाकीदार म्हणून लागले. बँकेने पैसे टप्प्याबाहेर दिले, ही चूक बँकेची. शिक्षा सही करणाऱ्याला. कर्जाच्या करारात बँकेच्या निष्काळजीपणाची किंमत बँकेनेच मोजावी असे कलम का नाही, हा प्रश्न कायदे करणाऱ्यांचा आहे, न्यायालयाचा नव्हे.

महाराष्ट्राला या बाबतीत वाट दाखवण्याचा इतिहास आहे. 1963 चा मोफा, म्हणजे सदनिकांच्या विक्रीचे नियमन करणारा राज्याचा कायदा, हा देशातल्या अशा पहिल्या कायद्यांपैकी एक. 2017 च्या मे महिन्यात महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सुरू झाले तेही इतरांच्या आधी. खरेदीदारांच्या पैशातले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा नियम आला. पण महारेरा विकासकाला जाब विचारते. कर्ज देणारी बँक तिच्या कक्षेबाहेर असते. आणि दिवाळखोरी कायद्यात 2018 मध्ये घरखरेदीदाराला वित्तीय धनको मानले गेले खरे, पण 2020 मध्ये त्यावर अट आली की अर्ज करायला एकाच प्रकल्पातले किमान शंभर किंवा दहा टक्के खरेदीदार एकत्र यावेत. एवढी मंडळी एकमेकांना शोधणार कुठे, याची सोय कायद्याने केली नाही.

कौटुंबिक कर्जाच्या एकूण चित्रावर सभागृहात 2025 च्या उन्हाळ्यानंतर जास्त बोलले जाऊ लागले, ते एका आकड्यामुळे. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या वित्तीय स्थैर्य अहवालात वैयक्तिक कर्जदारांचे दरडोई कर्ज मार्च 2023 मधल्या 3.9 लाखांवरून मार्च 2025 मध्ये 4.8 लाखांवर गेल्याचे नोंदवले आहे. काहींनी तो ‘प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर 4.8 लाख’ असा वाचला आणि मग त्याचे खंडन करण्यातच वेळ गेला. हा आकडा कर्ज असलेल्या माणसांपुरता आहे. त्याच अहवालातली जास्त बोलकी गोष्ट दुसरी आहे: वित्तीय संस्थांकडून कुटुंबांनी घेतलेल्या कर्जांत गृहकर्जेतर किरकोळ कर्जांचा, म्हणजे बहुतांशी उपभोगासाठीच्या कर्जांचा, वाटा सुमारे 55 टक्के आहे आणि गृहकर्जांचा सुमारे 29 टक्के. सप्टेंबर 2023 मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत घटल्याची टीका झाली, तेव्हा अर्थ मंत्रालयाने खुलासा केला होता की लोक घर-वाहनासाठी कर्ज काढत आहेत, हे संकटाचे लक्षण नाही. बचत घरात रूपांतरित झाली असेल तर ते ठीकच. पण कर्जाच्या ढिगात निम्म्याहून अधिक भाग घराचा नसेल, तर तो खुलासा अर्धाच उरतो. दोन महिन्यांनी, नोव्हेंबर 2023 मध्ये, रिझर्व्ह बँकेने विनातारण वैयक्तिक कर्जांवरचा जोखीम भार, म्हणजे त्यांच्यामागे बँकेने किती भांडवल राखायचे याचे माप, 100 वरून 125 टक्के केला. गृहकर्ज त्यातून वगळले.

कौटुंबिक कर्जाबद्दलच्या या काळजीवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की भारतात कुटुंबांचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 42 टक्क्यांच्या आसपास आहे. ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडात ते 100 टक्क्यांच्या आगेमागे आहे. मग आपण घाबरायचे कशाला? पण त्या देशांतले कर्ज प्रामुख्याने घरावरचे आहे, मागे मालमत्ता उभी आहे. शिवाय 42 टक्के ही सरासरी ज्यांनी संस्थेकडून एक रुपयाही घेतलेला नाही अशा कोट्यवधी कुटुंबांना धरून काढलेली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2019 च्या फेरीत शहरी कुटुंबांपैकी कर्ज असलेली 22.4 टक्केच निघाली होती. ओझे सर्वांवर थोडे थोडे पसरलेले नसून थोड्यांवर जास्त असेल, तर देशाच्या सरासरीकडे पाहून ते दिसणारच नाही. दुसरा आक्षेप बँकांचा: गृहकर्जातली थकबाकी सर्वांत कमी, म्हणजे लोक आरामात फेडत आहेत. यातले पहिले अर्धे खरे आहे. पण घराचा हप्ता हा माणूस सर्वांत शेवटी चुकवतो. त्याआधी तो विमा बंद करतो, मुलांची शिकवणी सोडवतो, क्रेडिट कार्डाचे किमान देणे भरतो, सोने बँकेत ठेवतो. मार्च 2024 ते मार्च 2025 या वर्षात बँकांची सोनेतारण कर्जे दुपटीहून अधिक झाली. त्यातला काही भाग कर्जांचे नव्याने वर्गीकरण केल्यामुळे आणि काही सोन्याचा भाव चढल्यामुळे आहे हे मान्य, तरी उरलेला भाग कुणाचा आणि कशासाठी, हे विचारायला हरकत काय? थकबाकीचा आकडा बँकेची प्रकृती सांगतो. कुटुंबाच्या प्रकृतीसाठी उत्पन्नातला किती भाग हप्त्यांत जातो हे पाहावे लागते.

आणि हा आकडा कुणाकडेच नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै 2019 मध्ये 13 शहरांतल्या गृहकर्जांची पाहणी प्रसिद्ध केली होती. घराची किंमत मासिक उत्पन्नाच्या किती पट, याचे मध्यक मार्च 2015 मध्ये 56.1 होते, ते मार्च 2019 मध्ये 61.5 झाले. मुंबईत ते 74.4 होते, म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळाचे पूर्ण उत्पन्न. उत्पन्नाच्या तुलनेत हप्त्याचे प्रमाण मुंबई, पुणे आणि अहमदाबाद या शहरांत बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त आढळले. तीनपैकी दोन शहरे महाराष्ट्रातली. बँकांकडून ही माहिती मागवता येते, तिचे मध्यक काढता येते, शहरवार मांडता येते, हे यातून सिद्ध झाले. तेव्हा ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ या उत्तरावर निमूटपणे बसण्याचे सदस्यांना कारण नाही.

रिझर्व्ह बँक स्वायत्त आहे, तिला सभागृहाने प्रश्नांच्या कचाट्यात धरू नये, असेही म्हटले जाते. व्याजदर किती असावा हे संसदेने ठरवू नये, यावर दुमत नसावे. पण दर वाढवल्यावर कोणत्या उत्पन्नगटाची मुदत किती लांबली, याची माहिती मागणे म्हणजे दरात ढवळाढवळ करणे नव्हे. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे गव्हर्नर येऊन बसतात. नोटाबंदीनंतर जानेवारी 2017 मध्ये ऊर्जित पटेल आले होते. मार्ग आहे, वापर कमी आहे. तो वापरला नाही की काय होते याचे उदाहरण 2020 मध्ये मिळाले. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. मुभा म्हणजे माफी नाही. न भरलेल्या व्याजावर व्याज चढत होते. हे कोट्यवधी कर्जदारांशी संबंधित असताना सप्टेंबर 2020 च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच रद्द होता. लेखी प्रश्नांची उत्तरे येत राहिली, पण मंत्र्याला उभे करून उपप्रश्न विचारण्याची जागा उरली नाही. विषय पुढे सरकला तो आग्र्याच्या एका लहान व्यावसायिकाने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे. सरकारने ऑक्टोबरमध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचे व्याजावरचे व्याज परत द्यायचे मान्य केले आणि 23 मार्च 2021 च्या निकालात न्यायालयाने ती रकमेची मर्यादाही काढली. प्रतिनिधी निवडून दिलेले असताना हा हिशेब एका कर्जदाराने वकील लावून मागावा लागला.

एक मोठा भाग या सगळ्या चर्चेच्या बाहेरच राहतो. बाह्य मानदंडाची सक्ती बँकांना आहे. गृहवित्त कंपन्यांना आणि नागरी सहकारी बँकांना नाही. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे जाळे दाट. जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांची वैयक्तिक गृहकर्जाची मर्यादा लहान बँकांसाठी 60 लाख आणि मोठ्यांसाठी 1 कोटी 40 लाख केली. म्हणजे मर्यादा दुप्पट, पण दर ठरवण्याची पद्धत जुनीच. ज्यांना बँक दारात उभे करत नाही, ज्यांचे उत्पन्न पगारपत्रकात दिसत नाही, ते या संस्थांकडे जातात, आणि दरकपातीची बातमी त्यांच्या हप्त्यापर्यंत शेवटी पोहोचते, किंवा पोहोचतच नाही. भाडेकरूंचा विचार तर याहून कमी. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. त्यानंतर दशवार्षिक जनगणना वेळेवर झाली नाही आणि तोच जुना आकडा वापरला जातो. कर्जाला अनुदान आहे, मुद्रांकाला सवलत आहे, जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट आहे. अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलत राहणाऱ्या कुटुंबासाठी त्या मानाने फारसे काही नाही. मग तेही ऐपत नसताना कर्जाकडे ढकलले जाते.

मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट आहे. आधीचे धोरण 2007 चे होते. उद्दिष्टाची छाननी करायची तर एका शहराचे खासदार आणि आमदार एकाच आठवड्यात जोडीने प्रश्न देऊ शकतात; नियमात त्याला अडकाठी नाही. पुण्याच्या खासदाराने अर्थमंत्र्यांना विचारावे की शहरातल्या गृहकर्जदारांपैकी किती जणांचा हप्ता उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि 2022 नंतर किती कर्जांची मुदत पाच वर्षांहून अधिक लांबली. पुण्याच्या आमदाराने महसूलमंत्र्यांना विचारावे की त्याच काळात शहरात 35 लाखांच्या आतल्या किती घरांची नोंदणी झाली, त्यांतून किती मुद्रांक शुल्क मिळाले, आणि त्यांपैकी किती खरेदीदारांना केंद्राचे व्याज अनुदान मिळाले. दुसऱ्या प्रश्नाच्या पहिल्या दोन भागांची उत्तरे नोंदणी महानिरीक्षकांच्या संगणकात आजही आहेत.